मंदाताईंची अर्धी जीभ

"म्याडम, तुमी दिलेली भूल अजून उतरली नाय."

मंदाताई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. आठ दिवसांपूर्वी मी त्यांच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल सुरू केलं होतं. त्यासाठी जे भुलीचं इंजेक्शन देतात त्याचा असर तीन-चार तास राहतो. एखाद्याला संध्याकाळपर्यंत. आठ दिवस राहत नाही.

"कुठे उतरली नाही? ओठ?"

"ओठ त्याच दिवशी आला. ही जीभ. उजवी बाजू. हाय का नाय तेच कळत नाय."

मी जीभ बाहेर काढायला सांगितली. उजव्या कडेला बोटभर लांबीचा पांढरट चट्टा होता. भाजल्याचा.

"हे कधी भाजलं?"

"भाजलंय?" त्यांनी मलाच विचारलं.

बाकावर त्यांची धाकटी जाऊ शेवंता बसली होती. ती म्हणाली, "परवा वासिंदच्या हळदीला. कढत रस्सा तोंडात घेतला नि हिला कळलाच नाय. मी बघते तर वाफ येतेय नि ही आपली चाटतेय."

मंदाताई सापगावच्या. आमच्या शहापूरच्या क्लिनिकपासून जवळच. या दोघी जावा आणि गावातल्या चार-पाच बायका मिळून लग्नाचा, हळदीचा, बारशाचा स्वयंपाक करतात. पाचशे पानांचं जेवण सहज उठवतात. मीठ किती घालायचं हे मंदाताई ठरवतात, मुठीने. मग पळीतला रस्सा तळहातावर घेऊन जिभेला लावायचा आणि मान हलवायची, की पातेलं खाली उतरतं. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं.

वासिंदला त्यांनी रस्सा चाखला, अळणी लागला. आणखी मूठभर मीठ घातलं. परत चाखला.

"जेवणारे काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार. पानात ठेवून उठले."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तक्रारीचाही नव्हता. गॅसचा बर्नर बिघडलाय असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. पण हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. वरच्या दातांचं हाड मऊ आणि सच्छिद्र असतं. दाताच्या शेजारी हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून झिरपतं आणि तेवढाच दात बधिर होतो. याला इन्फिल्ट्रेशन म्हणतात. खालच्या दाढांचं हाड जाड. तिथे औषध सहज झिरपत नाही. म्हणून आम्ही पार मागे, जबडा उघडला की गालाच्या आत जो खळगा दिसतो तिथे लांब सुई घालतो आणि दातांकडे जाणारी नस हाडात शिरण्याआधीच तिच्याजवळ औषध सोडतो. याला ब्लॉक म्हणतात. एका घरातला दिवा बंद करायचाय, पण घरात जाता येत नाही, म्हणून डीपीवरून लाइन पाडायची, तसं. घरातला दिवा जातो, अख्ख्या आळीचेही जातात. त्या बाजूचे खालचे सगळे दात, अर्धा ओठ आणि अर्धी जीभ. जिभेची नस त्याच वाटेवर अगदी जवळून जाते.

आणि ही सुई डोळ्यांनी दिसत नाही. खुणा पाहून, हाताच्या अंदाजाने द्यायची. क्वचित कधी सुईचं टोक जिभेच्या नसेला लागतं. लागलं तर पेशंटला जिभेत झटका बसतो.

मंदाताईंना बसला होता. मला नीट आठवत होतं. त्या "करंट" असा शब्द बोलल्या होत्या आणि मी "झालं, झालं" म्हणत सुई केसभर मागे घेतली होती. केसभरच. मग तिथेच सगळं औषध सोडलं होतं. बाहेर सहा पेशंट होते. शिवाय औषध होतं आर्टिकेन, नेहमीच्या लिग्नोकेनपेक्षा तीव्र. ते ब्लॉकला वापरावं की नाही यावर डॉक्टरांमध्ये वाद आहे. मी वापरत होते, कारण पेशंट लवकर बधिर व्हायचा.

केस पेपर काढला. त्यावर दाढेचा नंबर होता, औषधाचं नाव होतं. करंटचा उल्लेख नव्हता. मी लिहिलाच नव्हता.

मी कापूस घेतला, डोळे मिटायला सांगितले आणि जिभेवर ठिकठिकाणी टेकवला. डावीकडे त्या लगेच बोट उचलायच्या. उजवीकडे टोकापासून मागेपर्यंत काहीच नाही. कागदावर जिभेचं चित्र काढून मी बधिर भागावर रेघा मारल्या. मग चार प्लास्टिकचे कप मागवले. मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, लिंबू आणि मेथीचं कडू पाणी. काडीला कापूस गुंडाळून एकेक थेंब लावला. डावीकडे त्यांनी चारही ओळखले, वर साखर कमी आहे असंही सांगितलं. उजवीकडे चारही पाणीच.

"पाच मिनिटं बसा," म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन नितीनला फोन लावला.

नितीन माझा वर्गमित्र. मुरबाडला त्याचं क्लिनिक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे रूट कॅनल करायला जाते. माणूस चांगला आहे, आणि माझ्यापेक्षा सावध.

"लिंग्वल नर्व्ह," तो ऐकताच म्हणाला, म्हणजे जिभेची नस. "येईल परत. बहुतेकांची येते. बी-ट्वेल्व्ह दे आणि सांग, अशक्तपणामुळे झालंय."

"अशक्तपणामुळे नाही झालं."

"मला माहितीये. पण तू कबूल केलंस की उद्या तिच्या घरचे दहा जण येतील. गावात काय होतं तुला ठाऊक आहे. आपोआप बरं होणारच आहे, तर कशाला?"

"आणि नाही झालं तर?"

"तर तेव्हा बघू."

मी बाहेर आले. खरं सांगायचं तर नितीनचं म्हणणं मला पटायला लागलं होतं. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहून देण्यात खोटं काही नव्हतं, त्या द्यायच्याच होत्या. फक्त एक वाक्य गाळायचं होतं. पण मंदाताईंनी तो चित्राचा कागद हातात घेतला होता आणि त्या आरशात बघून माझ्या रेघा तपासत होत्या.

"हितं अजून जरा पुढं पायजे," त्या म्हणाल्या. "तुमी कमी दाखवलंय."

मी स्टूल ओढून समोर बसले.

"मंदाताई, त्या दिवशी तुम्हाला करंट लागला होता, आठवतंय? माझी सुई जिभेच्या नसेला लागली असावी. म्हणून हे झालंय."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "म्हंजे तुमच्या हातनं झालं."

"हो. असं क्वचित होतं, नीट सुई दिली तरी होऊ शकतं. पण तुम्ही करंट म्हणालात तेव्हा मी सुई पूर्ण काढायला हवी होती. काढली नाही."

"परत येल?"

"बहुतेक येईल. नस हळूहळू भरून येते. दोन महिने, चार महिने, जास्तही. पण नक्की येईल असं मी लिहून देऊ शकत नाही."

शेवंता उठून उभी राहिली. "लगीनसराईचे दोन महिने हाईत पुढं. चार महिने काय सांगताव? आमी कल्याणला मोठ्या दवाखान्यात दाखवू."

"दाखवा. मी चिठ्ठी देते."

चिठ्ठीत मी सगळं लिहिलं. करंटसुद्धा. केस पेपरवरही लिहिलं, आजची तारीख घालून. त्या गेल्या. त्या दिवशी पुढच्या पेशंटला ब्लॉक देताना माझा हात नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेत होता.

पुढचे दिवस मी दहा माणसांची वाट पाहिली. कोणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या दोघीच आल्या.

कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून मी दिलेल्या बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या होत्या. थांबायचं, दर महिन्याला तपासायचं, एवढंच. पण मंदाताई त्यासाठी आल्या नव्हत्या. डावा गाल हाताने दाबून धरला होता.

"आता ही बाजू," त्या म्हणाल्या. "तीन रात्री झोप नाय."

खालची डावी दाढ. कीड नसेपर्यंत पोचलेली. थंड पाण्याचा थेंब लावला तर त्या खुर्चीत उचलल्या गेल्या. रूट कॅनल करायचं नाहीतर दाढ काढायची. दोन्हीला भूल लागणार. आणि खालच्या दाढेची नेहमीची भूल म्हणजे ब्लॉक.

डाव्या बाजूला.

त्यांची चव आता फक्त डाव्या बाजूला होती. मधल्या काळात त्या डाव्या कडेने चाखायला शिकल्या होत्या. रस्सा तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि जीभ वाकडी करून डाव्या बाजूने लावायची. दोन लग्नं अशी निभावली होती. शंका आली की शेवंताला विचारायचं. शेवंताच्या मते तिचं माप बरोबर असायचं, मंदाताईंच्या मते ती मिठाला भिते.

"माझ्याकडे कशाला आलात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण निघून गेलं तोंडून.

"कल्याणवाल्यांनी जे सांगितलं ते तुमी आदीच सांगितलं होतं," मंदाताई म्हणाल्या. "मग परत कल्याणला कशाला जायचं?"

शेवंता म्हणाली, "मी नको म्हणलं होतं. ही ऐकत नाय."

दुखणं कमी व्हायला मी गोळ्या दिल्या आणि शुक्रवारपर्यंतचे चार दिवस मागून घेतले. ते मला हवे होते.

पर्याय असे होते. ब्लॉक दिला तर दाढ बधिर होण्याची शक्यता चांगली, आणि डाव्या नसेला काही होण्याची शक्यता फारच कमी. पण ती उजवीकडेही फारच कमी होती. दुसरा पर्याय, गालाच्या बाजूने हिरडीत औषध सोडायचं, खालच्या दाढेलाही इन्फिल्ट्रेशन. जिभेची नस आतल्या बाजूला असते, त्यामुळे सुई तिच्या वाऱ्यालाही जात नाही. इथे मात्र आर्टिकेन कामाचं. ते जाड हाडातूनही बऱ्यापैकी झिरपतं. म्हणजे ज्या औषधाबद्दल मी स्वतःला दोष देत होते तेच औषध दुसऱ्या जागी योग्य होतं. पण इतक्या ठणकणाऱ्या दाढेला ते एकटं पुरेल याची खात्री नाही. तिसरा पर्याय, दात आणि हाड यांच्या मधल्या बारीक फटीत औषध दाबून घालायचं. एकच दात बधिर होतो, ना ओठ, ना जीभ. पण हाताच्या सिरिंजने तिथे फार जोर लावावा लागतो. दुखतं, दाताभोवतीचा भाग दुखावतो आणि औषध बरंचसं बाहेर येतं.

नितीनकडे यासाठी मशीन होतं. छोटा डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला पेनासारखी सुई. आत कॉम्प्युटर. तो दाब मोजतो आणि थेंब थेंब औषध सोडतो. नितीनने ते घेतलं तेव्हा मी हसले होते. ज्याच्या हातात कला नाही त्याने मशीन घ्यावं, असं काहीतरी बोललेही होते. कॉलेजात माझा ब्लॉक पहिल्या सुईत लागायचा. त्याचा अभिमान मी इतकी वर्षं बाळगला होता.

मंगळवारी मुरबाडला गेल्यावर नितीनला म्हटलं, "तुझं मशीन शिकव."

तो काहीही टोचून बोलला नाही. त्या दिवशीच्या त्याच्या दोन पेशंटना विचारून, तो शेजारी उभा असताना, मी ते वापरलं. पहिल्यांदा फार घाई केली. मशीनने बीप देऊन थांबवलं.

"ते तुझ्यापेक्षा हळू आहे," नितीन म्हणाला. "तेवढंच त्याचं कौतुक."

शुक्रवारी सकाळी मी मंदाताई आणि शेवंताला सापगावच्या पुलाजवळून गाडीत घेतलं. किन्हवली मागे पडली. मग मी तिन्ही पद्धती समजावून सांगितल्या. मंदाताईंनी एकच प्रश्न विचारला.

"ज्यात जिबंला काय होणार नाय, त्यात दुखंल?"

"थोडं दुखू शकतं. शेवटी नस उघडताना. तेव्हा थेट नसेत औषध सोडावं लागलं तर एक-दोन सेकंद जोरात कळ येईल. मग बंद होईल."

"चालंल. पन त्या मागच्या खळग्यात सुई घालायची नाय."

"नाही घालणार. सहन नाही झालं तर आज थांबू. तरी नाही घालणार."

शेवंता मागून म्हणाली, "लिहून देता?"

"केस पेपरवर लिहिते," मी म्हटलं, आणि मुरबाडला पोचल्यावर आधी तेच लिहिलं.

गालाच्या बाजूने आर्टिकेन दिलं. सावकाश, घड्याळ बघत. दहा मिनिटं थांबलो. कापसावर गार स्प्रे मारून दाढेला लावला. "लागतंय, पन लांबून," मंदाताई म्हणाल्या. मग मशीन. सुईचं टोक दाताच्या फटीत टेकवलं. डबा टिक टिक करायला लागला. माझ्या हाताला काहीच काम नव्हतं, फक्त न हलण्याचं. ते मला फार जड गेलं. चार मिनिटांत चार थेंब गेले असतील. दुसऱ्या बाजूने परत तेवढेच. पुन्हा गार कापूस. या वेळी त्यांनी मान हलवली, नाही.

ड्रिल सुरू केलं. कीड निघाली, आतला भाग उघडत आला. तेवढ्यात त्यांचा हात वर झाला. मी थांबले.

"मुळाशी लागतंय."

सहसा अशा वेळी आम्ही म्हणतो, झालंच आता, एक मिनिट. मी म्हटलं नाही. मशीनने आणखी एकदा दिलं. थांबलो. परत सुरू केलं. अगदी शेवटी, नसेच्या तोंडाशी, पुन्हा हात वर.

"आता ते दोन सेकंदवालं," मी म्हटलं. "देऊ का?"

त्यांनी शेवंताचा हात धरला आणि डोळे मिटले. मी एक थेंब थेट आत सोडला. त्यांच्या घशातून आवाज आला, पाय ताठ झाले. मग अंग सैल पडलं. त्यानंतर पाऊण तास काम केलं, त्या जवळजवळ झोपल्या होत्या.

तात्पुरतं सिमेंट भरून खुर्ची सरळ केली. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "मीठ हाय का?"

नितीनच्या रिसेप्शनिस्टने डब्यातली मिठाची पुडी दिली. मंदाताईंनी चार दाणे तळहातावर घेतले. जीभ वाकडी करून डाव्या कडेने उचलले. शेवंता, नितीन आणि मी बघत होतो. त्या घाई करत नव्हत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हाय."

शेवंताने पदराने डोळे पुसले आणि मग ती नितीनवर उखडली की इतकं चांगलं मशीन शहापूरला का नाही ठेवलं.

डावी दाढ आणखी दोन बैठकांत पूर्ण झाली. उजवीचं राहिलेलं काम भूल न देता झालं, तिची नस आधीच काढलेली होती. उजवी जीभ मात्र तिच्या वेळेने आली. सहाव्या आठवड्यात मुंग्या यायला लागल्या, झोपलेला पाय जागा होतो तशा. मंदाताईंना ते नको वाटायचं, मला ऐकून बरं वाटायचं. दर महिन्याला मी कापूस आणि चार कप घेऊन बसायचे आणि नवीन चित्रावर रेघा मारायचे. रेघा टोकाकडून कमी होत गेल्या. पहिली चव कडू आली. त्यावर मंदाताई म्हणाल्या, कडूच यायचं होतं तर मग थांबायचं होतं अजून. गणपतीच्या आधी आंबट आणि खारट आलं. मागच्या कडेला नखाएवढी पट्टी अजून बधिर आहे. ती तशीच राहील, असं मला वाटतं. तेही मी सांगितलंय.

मी शहापूरला मशीन घेतलं. पण हे मशीनचं कौतुक नाही. परवाच एका पेशंटला त्याने काही होईना, शेवटी ब्लॉकच द्यावा लागला, आणि तो पहिल्या सुईत लागला. प्रत्येक पद्धतीची जागा ठरलेली आहे. मी फक्त सवयीने एकच वापरत होते. आता खालच्या दाढेला आधी गालाच्या बाजूने प्रयत्न करते. ब्लॉक देताना पेशंट "करंट" म्हणाला की सुई पूर्ण बाहेर काढते, त्याला चूळ भरायला लावते आणि नव्याने सुरू करते. तीन मिनिटं जातात. करंट लागल्याचं तिथल्या तिथे केस पेपरवर लिहिते.

आणि ब्लॉक देण्याआधी सांगते की क्वचित जीभ बरेच दिवस बधिर राहू शकते. हे ऐकून महिन्यात एक-दोन पेशंट उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तिथे त्यांना तोच ब्लॉक मिळतो, फक्त सांगत नाहीत. मी त्यांना अडवत नाही. चिठ्ठी हवी असेल तर देते.